जांभळ्या दिव्याखालच्या पाच बाटल्या

१

जांभळा दिवा लागला आणि काहीच झालं नाही.

अंधाऱ्या खोलीत अकरा माणसं श्वास रोखून उभी होती. त्यातले चार पाहुणे डोळ्यांच्या एका मोठ्या रुग्णालयातून आले होते. टेबलावरच्या लाकडी स्टँडमध्ये बोटाएवढ्या पाच बाटल्या होत्या आणि दिवा हातात घेऊन धाकटी उभी होती. प्रयोगशाळेतली सगळ्यांत लहान, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. तिनं बटण पुन्हा दाबलं. जांभळा उजेड पडला, गेला, पुन्हा पडला. बाटल्यांतलं पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"जरा थांबा हं," धाकटी म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तिच्या आवाजाचं पाणी झालं होतं.

व्हायला काय हवं होतं, ते आधी सांगतो. समुद्रातल्या काही जीवांच्या अंगात एक प्रथिन असतं. त्यावर जांभळा-निळा उजेड पडला की ते हिरवंगार चकाकतं. खरा चकाकतो तो त्याच्या पोटातला एक इवलासा रेणू. प्रथिन त्याला चहूबाजूंनी आवळून धरतं, म्हणून तो चकाकतो. मोकळा सोडला की वळवळतो आणि मिळालेला सगळा उजेड त्या वळवळीतच उधळून टाकतो. धाकटीनं चार वर्षं खपून त्या रेणूची नक्कल केली होती, आणि भल्यामोठ्या प्रथिनाऐवजी त्याच्याभोवती एक छोटासा पिंजरा बांधला होता. जांभळा उजेड दाखवला की रेणू 'जागा' व्हायचा आणि चकाकायचा, निळा दाखवला की 'झोपायचा'. हे तिचे शब्द. उजेडानं चालू-बंद होणारं असं बटण डोळ्याच्या निकामी पेशींत कधीतरी बसवता येईल का, हे बघायला पाहुणे आले होते. रेणू पाचशे वेळा जागा होतो आणि पाचशे वेळा झोपतो, असं तिच्या वहीत लिहिलेलं होतं.

पाहुणे सभ्य होते. घड्याळाकडे न बघता निघून गेले.

त्याच संध्याकाळी संचालकांनी प्रयोगशाळेला कुलूप घातलं आणि मंगळवारी सकाळी चाळणीबाईंना बोलावणं धाडलं.

चाळणीबाईंचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कुणी वाचत नसे. संस्थेतल्या कुठल्याही संशोधनाबद्दल संशय आला की ते त्यांच्यापुढे जायचं आणि खडे वेगळे होऊन बाहेर यायचं, म्हणून हे नाव. त्यांनाही ते माहीत होतं. बऱ्याच प्रकरणांचा निकाल त्या एकाच वाक्यात लावत: 'दुसऱ्याच्या हातून प्रयोग झाला नाही, सबब दावा अमान्य.' दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य त्यांनी पाणी शुद्ध करणारे मातीचे जलशोधक बनवणाऱ्या एका माणसाच्या फाइलवर लिहिलं होतं. परवाच तो चपलांच्या दुकानात समोर आला आणि मान खाली घालून दुसऱ्या रांगेत गेला. तेव्हापासून ते वाक्य त्यांना जरा बोचत होतं.

"प्रयोगशाळेतल्या थोरल्यांची लेखी तक्रार आली आहे," संचालक म्हणाले. "पोरीनं आकडे मनानं लिहिले, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणते, कुणीतरी माझ्या बाटल्या बिघडवल्या. शुक्रवारपर्यंत मला काय ते सांगा. खोटं निघालं तर तिची चार वर्षं गेली, आणि दुसरीकडे कुठं दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

"ही प्रयोगशाळा मॅडमची आहे," चाळणीबाई म्हणाल्या. "हे काम मी घेऊ नये. कारण तुम्हाला ठाऊक आहे."

संचालकांनी टेबलावरचा कागद उलटा केला. "मॅडमनीच लिहून दिलंय. चौकशी तुम्हीच करावी, दुसरं कुणी नको."

२

धाकटी रडून रडून रडणं संपलेल्या माणसासारखी बसली होती. चाळणीबाईंनी तिच्यापुढे पाणी सरकवलं.

"माझ्यावर विश्वास ठेवायला सांगत नाही," ती म्हणाली. "पण मी पाहिलंय हो ते. रोज पाहिलंय. हिरवं म्हणजे असं हिरवं की डोळे मिटले तरी दिसायचं."

"आधीच्या बाटल्या कुठं आहेत? त्यांतली एक पेटवून दाखव म्हणजे झालं."

"त्याच तर नाहीत. शुक्रवारी फळी रिकामी केली, पाहुण्यांसाठी. जुनं सगळं ओतून दिलं. मी उरलेल्या भुकटीतून नव्या सहा बाटल्या भरल्या आणि मुरायला ठेवल्या."

"मुरायला?"

धाकटी किंचित ओशाळली. "ताजं द्रावण जेमतेम मिणमिणतं. तीन-चार दिवस अंधारात ठेवलं की मग जागं होतं. का ते मला सांगता येत नाही. थोरले त्यावरून मला चिडवतात, लोणचं घालतेस का म्हणून."

"आत काय काय असतं?"

"भुकटी, अल्कोहोल आणि थोडं पाणी. बस. क्षार घालून बघितले होते, पण कसलंही मीठ पडलं की रेणू तळाशी जाऊन बसतो. म्हणून काहीच घालत नाही."

चाळणीबाई लिहून घेत होत्या. अशी पोर खोटं बोलत असेल तर खोट्यात एवढी अडचणीची गोष्ट कशाला घालेल, असं त्यांच्या मनात आलं. का ते मला सांगता येत नाही, असं खोटारडा माणूस सहसा म्हणत नाही. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयार असतं.

"मॅडम काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. दिवा विझल्यावर स्टँडजवळ आल्या, एक बाटली उचलून उजेडाकडे धरली, ठेवली आणि खोलीत जाऊन बसल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलल्या नाहीत." धाकटीनं पाण्याचा पेला उचलला आणि तसाच ठेवला. "त्या रागावल्या असत्या तरी चाललं असतं."

चाळणीबाईंनी वही मिटली, आणि मिटता मिटता पुन्हा उघडली.

"किती बाटल्या भरल्या म्हणालीस?"

"सहा."

"टेबलावर तर पाच होत्या."

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिनं बोटांवर मोजलं. मग पुन्हा मोजलं.

३

सहावी बाटली थोरल्यांच्या टेबलाच्या खणात होती, आणि ती त्यांनी न विचारता काढून समोर ठेवली.

थोरले म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने संशोधक. वागणं इस्त्रीचं. त्यांचा मार्ग वेगळा होता: रेणूची नक्कल वगैरे करायची नाही, अख्खं प्रथिनच घ्यायचं आणि त्याच्यात फेरफार करायचे. धाकटीच्या रेणूनं त्यांचा मार्ग जुना ठरला असता, हे संस्थेतल्या शिपायालाही माहीत होतं.

"मीच उचलली," ते म्हणाले. "रविवारी दुपारी. किल्ली माझ्याकडे असते."

"कशाला?"

"शंका होती. त्याआधी दोनदा मी तिची भुकटी घेऊन स्वतः करून पाहिलं होतं. ताजं द्रावण, मोजायच्या नळीत, उत्तम स्फटिकाची नळी. शून्य. म्हटलं, तिच्या हातची बाटली बघावी. उघडली, दिवा धरला. मेलेली. रविवारीच मेलेली होती."

"म्हणजे सोमवारी पाहुण्यांसमोर काय होणार, ते तुम्हाला आदल्या दिवशीच माहीत होतं."

थोरल्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. तो आधीच स्वच्छ होता.

"सांगायला हवं होतं," ते हळूच म्हणाले. "फोन हातात घेतला होता. मग वाटलं, पडू दे तोंडघशी, म्हणजे एकदाचं समजेल. माझी मुलगी तिच्याएवढीच आहे. सोमवारी तिचा चेहरा बघवेना मला." त्यांनी चष्मा चढवला आणि त्याबरोबर इस्त्रीही परत आली. "पण बाई, सरळ बघा. तिच्या हातून होतं, दुसऱ्या कुणाच्या हातून होत नाही. अशा वेळी काय म्हणायचं, ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता."

चाळणीबाई जाणत होत्या. अशा निकालाशी त्यांची पहिली गाठ पडली तेव्हा त्या टेबलाच्या या बाजूला नव्हत्या.

अठरा वर्षांपूर्वी, याच इमारतीत, याच मॅडमच्या हाताखाली त्या शिकत होत्या. त्यांच्याही बाटलीत एका दुपारी हिरवं काहीतरी चकाकलं होतं. मॅडमनी तोच प्रयोग स्वतःच्या हातानं करून पाहिला, आणि तो झाला नाही. "तू पाहिलंस की तुला पाहायचं होतं?" एवढंच मॅडमनी विचारलं होतं. महिन्याभरात त्यांनी रसायनशास्त्र सोडलं. दहा वर्षांनी संस्थेत परत आल्या त्या कचेरीच्या इमारतीत, फाइली तपासायला. गेली आठ वर्षं जिन्यात मॅडम भेटायच्या. दोघीही मान हलवायच्या आणि पुढे जायच्या.

मॅडम बरोबरच असतील, मीच कुठंतरी चुकले असेन, असं चाळणीबाईंनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते खरंच वाटायचं.

४

"माझ्याकडे काय विचारायचंय?" भांडारकाका म्हणाले. "मी पडलो काचसामानवाला. बाटल्या देतो, फुटल्या की शिव्या देतो."

भांडारकाकांचं राज्य तळघरात होतं. कपाटंच्या कपाटं, प्रत्येकावर किल्ली आणि प्रत्येक किल्लीवर काकांचा जीव. चाळणीबाईंना त्यांनी शिकत असताना पाहिलेलं, म्हणून ते त्यांना अजून "पोरी" म्हणत आणि लगेच जीभ चावत.

"शुक्रवारी फळी तुम्ही रिकामी केलीत?"

"मग काय तशीच ठेवू? मोठी माणसं येणार. मॅडमचं वर्ष भरत आलंय, निवृत्त होतील. त्यांची शोभा व्हायला नको. फळी पुसली, टेबलाला पॉलिश केलं. त्या पोरीच्या बाटल्या तर बघवत नव्हत्या. हिरवट, धुरकट, कडेला बुडबुडे आलेल्या. म्हटलं, हे घे, माझ्याकडची चांगली काच घे. स्वतः आम्लानं धुऊन, भट्टीत वाळवून दिल्या. आरशासारख्या." काकांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "त्यातच असं व्हायचं होतं बघा."

"ती हिरवट बाटली कुठल्या कपाटातली?"

काकांनी कोपऱ्याकडे बोट केलं. तिथलं कपाट जुनं होतं, आणि दाराच्या आतल्या बाजूला पिवळी पडलेली चिठ्ठी डकवलेली होती. अक्षर मॅडमचं. चाळणीबाईंनी ते हजारांतून ओळखलं असतं.

'या बाटल्या फेकू नयेत. नुसत्या पाण्याने धुवाव्यात.'

"ही कसली चिठ्ठी?"

"कोण जाणे. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, जुनी सवय आहे, असू दे. त्यांच्या हाताखाली या रेणूवर जो कोणी येतो, त्याला यातल्याच बाटल्या द्यायच्या, असं ठरलेलं. यंदा मीच मोडलं. पाहुण्यांसाठी म्हणून."

चिठ्ठीच्या खाली तारीख होती. ती वाचून चाळणीबाईंचा हात दारावरच थांबला. त्या संस्था सोडून गेल्या, त्यानंतर बरोबर तीन महिने आणि दहा दिवसांची तारीख होती ती.

त्या तडक मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. केस पार पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ.

"बस," मॅडम म्हणाल्या. "अजून पेनाचं टोपण चावतेस?"

"या रेणूवरच्या तुमच्या पहिल्या लेखात एक वाक्य आहे," चाळणीबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या. "'आमच्याच प्रयोगशाळेतल्या एका जुन्या निरीक्षणावरून ही कल्पना सुचली.' ते निरीक्षण कुणाचं?"

मॅडमनी खिडकीचं दार लोटून घेतलं.

"धाकटी खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"ते तू शोध. शुक्रवारपर्यंत वेळ आहे तुला." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

५

गुरुवारी दुपारी मोठे दीर आणि जाऊबाई येणार होत्या, म्हणून चाळणीबाई अर्धा दिवस घरी होत्या. डोकं मात्र तळघरातल्या कपाटातच अडकलं होतं.

"अगंबाई, हे कुठले ग्लास काढलेस?" सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे होतं आणि नजर घारीची. "रोजचे? ते घरच्यांना. पाहुण्यांना वरच्या फळीवरचे काढ, चांगले."

"पाणीच तर द्यायचंय, आई."

"पाणीच असलं म्हणून काय झालं? त्या ग्लासांकडे बघ जरा. धुरकट झालेत नुसते."

"घासले नाहीत नीट. थांबा, पुन्हा घासते."

"घास, घास. हात मोडेपर्यंत घास," सासूबाई म्हणाल्या. "मी गेली पंधरा वर्षं घासतेय. वरून आलेला मळ असता तर गेला नसता का? ती काचच हलकी. तिच्या अंगातलंच बाहेर येतं ते."

चाळणीबाईंनी एका हातात रोजचा ग्लास धरला, दुसऱ्या हातात चांगला. रोजच्या ग्लासाची कड हिरवट होती आणि अंगावर पांढुरका थर. चांगला ग्लास आरपार, आरशासारखा.

तिच्या अंगातलंच बाहेर येतं.

त्या तशाच उभ्या राहिल्या. मग हळूहळू सगळं एकेक करून जागेवर बसायला लागलं. मुरायला ठेवावं लागणारं द्रावण. थोरल्यांची उत्तम स्फटिकाची नळी. आम्लानं धुतलेली काच. नुसत्या पाण्यानं धुवाव्यात. आणि अठरा वर्षांपूर्वी त्यांची स्वतःची बाटली... मॅडमनी प्रयोग करून पाहिला होता तेव्हा त्या काय म्हणाल्या होत्या? "मी आपली सगळ्यात चांगली काच वापरली."

"अगं, काय झालं? रडतेस कशाला?" सासूबाई घाबरल्या. "राहू दे, दे रोजच्यातच!"

६

शुक्रवारी सकाळी अंधारी खोली उघडली. संचालक, थोरले, भांडारकाका, धाकटी, सगळे आले. मॅडमनाही निरोप होता. त्या आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

स्टँडमध्ये त्याच पाच बाटल्या होत्या.

"आधी एक सांगते," चाळणीबाई म्हणाल्या. "या बाटल्या कुणी बिघडवल्या नाहीत. आणि धाकटीनं एक आकडाही मनानं लिहिलेला नाही."

"मग माझ्या हातून का झालं नाही?" थोरले म्हणाले.

"तुम्ही चांगली काच वापरलीत म्हणून." त्या धाकटीकडे वळल्या. "तुझा रेणू चकाकायचा तर त्याला आधी अंगावरचा एक बारीकसा कण टाकून द्यावा लागतो. बरोबर? आणि तो कण काढून घ्यायला पाण्यात थोडासा तरी सोडा लागतो."

"हो," धाकटी म्हणाली. "पण मी तर काहीच घालत नाही..."

"तू घालत नाहीस. बाटली घालते. हलक्या काचेत सोडा असतो, आणि तो पाण्यात हळूहळू उतरतो. एका दिवसात नाही, तीन-चार दिवसांत. तू त्याला मुरणं म्हणतेस. पाणी एवढंसं, आत दुसरं काही नाही, म्हणून तेवढाही पुरतो. गेल्या शुक्रवारी काकांनी तुला भारीतली काच दिली, वर आम्लानं धुतलेली. तिच्यातून काही म्हणजे काही उतरलं नाही. रेणू चार दिवस वाट बघत बसला."

थोरल्यांनी कपाळावर हात मारला. "आम्ही प्रथिनवाले क्षार घालून पाणी किती आम्ल, किती अल्कली ते आधीच पक्कं करून ठेवतो. मला हे कधी सुचलंच नसतं."

"बोलणं पुरे, दाखवा," संचालक म्हणाले.

चाळणीबाईंनी सोड्याच्या पातळ पाण्याची कुपी आणि नळी धाकटीच्या हातात दिली. "एकच थेंब. पहिल्या बाटलीत. जास्त झाला तर रेणू तळाशी बसेल."

धाकटीनं नळी दोन्ही हातांनी धरून थेंब सोडला. दिवे मालवले. जांभळा दिवा लागला.

पहिली बाटली हिरवी झाली.

ती हळूहळू उजळत गेली, खोलीच्या भिंती दिसू लागल्या, माणसांचे चेहरे दिसू लागले. बाकीच्या चार बाटल्या शेजारी तशाच काळोखात उभ्या होत्या. मग निळा दिवा लागला आणि हिरवा रंग विझला. पुन्हा जांभळा, पुन्हा हिरवा. धाकटी तोंडावर हात ठेवून हसत होती की रडत होती, ते कळत नव्हतं.

"म्हणजे घात मीच केला," अंधारातून काकांचा आवाज आला. "चांगलं करायला गेलो आणि पोरीच्या जिवावर उठलो."

"काका, तुम्ही पाहुण्यांना चांगलं काढून दिलंत. घरोघरी तेच करतात," चाळणीबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून चूक झाली, कारण चिठ्ठीवर कारण लिहिलेलं नव्हतं. ज्यांना कारण माहीत होतं, त्यांनी ते अठरा वर्षं कुणाला सांगितलं नाही."

हिरव्या उजेडात त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराशी आता कोणी नव्हतं.

७

मॅडम आपल्या खोलीत होत्या. टेबलावर त्यांनी एक बाटली काढून ठेवली होती. हिरवट काच, झाकणाभोवती मेण. त्यावरच्या चिकटपट्टीवरचं अक्षर चाळणीबाईंचंच होतं, तेव्हाचं, गोल आणि उत्साही.

"तू गेल्यावर तीन महिन्यांनी तुझी फळी आवरत होते," मॅडम म्हणाल्या. "ही मागे राहिली होती. टाकण्याआधी सहज दिवा धरला. आणि ती चकाकली. मग आठ दिवस झोपले नाही. काचेपर्यंत पोहोचले, आणि तळघरात जाऊन ती चिठ्ठी लावली."

"आणि मला कळवलं नाहीत."

"पत्र लिहायला बसले होते. 'माझं चुकलं' एवढं लिहिलं आणि पुढे काही सुचेना. म्हटलं उद्या लिहू. वर्ष गेलं. मग त्या रेणूवर काम सुरू झालं, नाव झालं. तेव्हा लिहायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग तू परत आलीस, जिन्यात भेटायला लागलीस. रोज वाटायचं, आज बोलायचं."

"सोमवारी बाटली हातात घेतलीत तेव्हाच तुम्हाला कळलं होतं."

"काच बघूनच कळलं."

"आणि ती पोर चार दिवस..." चाळणीबाई म्हणाल्या. त्यांना त्या चार दिवसांचा नव्हे, स्वतःच्या अठरा वर्षांचा राग आला होता, आणि तो नेमका कुठं ठेवावा ते सुचत नव्हतं.

"तुला बोलावून घेतलं ते म्हणूनच," मॅडम म्हणाल्या. त्यांची पाठ आता ताठ नव्हती. "माझ्या तोंडून निघत नव्हतं. वाटलं, तू शोधून काढशील. चिठ्ठी होती, लेखात वाक्य होतं. तुझं तुला सापडलं तर..."

"मॅडम, मला कोडं नको होतं," चाळणीबाई म्हणाल्या. "एक पत्र पुरलं असतं. अर्धं असतं तरी चाललं असतं."

मॅडमनी मान खाली घातली. बाहेर प्रयोगशाळेचं कुलूप काढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ धाकटीचा आणि काकांचा. काहीतरी मोठमोठ्यानं बोलत होते दोघं.

चाळणीबाईंनी बाटली उचलून उजेडाकडे धरली. मेण असूनही आतलं सगळं केव्हाच उडून गेलं होतं. तळाशी पिवळसर डाग तेवढा उरला होता. दिवा धरून बघण्यासारखं काही नव्हतं.

"अहवालात सगळं लिही," मॅडम म्हणाल्या. "माझंही. मी सही करते."

"लिहिणारच आहे. आणि त्या पत्रातलं पहिलं वाक्य धाकटीला जाऊन तुम्ही सांगा. आत्ता. मी सांगणार नाही."

मॅडम उठल्या. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, मागे वळल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. चाळणीबाईंनी वाट पाहिली. मॅडमच्या ओठांवर ते आलं आणि तिथंच राहिलं. मग त्या बाहेर गेल्या.

दुपारी अहवाल संचालकांच्या टेबलावर पोहोचला. चाळणीबाई आपल्या कचेरीत आल्या, दार लोटलं, आणि कपाटातून दोन वर्षांपूर्वीची एक फाइल काढली. मातीचे जलशोधक. शेवटच्या पानावर त्यांचंच अक्षर होतं: 'दुसऱ्याच्या हातून प्रयोग झाला नाही, सबब दावा अमान्य.' त्या माणसानं अर्जात लिहिलं होतं की प्रयोग फक्त त्याच्या गावच्या विहिरीच्या पाण्यावरच नीट होतो, का ते त्याला सांगता येत नाही. ती ओळ त्यांनी तेव्हा वाचली होती आणि त्याच ओळीखाली लाल रेघ मारली होती.

दुसऱ्याच्या हातून करून पाहताना पाणी कुठलं वापरलं होतं, हे फाइलमध्ये कुठंच नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

त्यांनी कोरा कागद घेतला. फाइलमधला पत्ता लिहिला. खाली 'माझं चुकलं असण्याची शक्यता आहे' एवढं लिहून झालं, आणि पुढे काही सुचेना.

त्यांनी घड्याळ पाहिलं. टपाल जायला चाळीस मिनिटं होती. पेनाचं टोपण तोंडातून काढून त्या पुन्हा लिहायला लागल्या.